चुंबकाच्या ताणातून वीज

सोलापूर विद्यापीठात आणि पंढरपूरच्या कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालयात बेरियम टायटॅनेटच्या कुळातले फेरोइलेक्ट्रिक (ज्यांचे मुळातले विद्युत ध्रुवीकरण विद्युतक्षेत्राने उलटवता येते असे) आणि कोबाल्ट फेराइटच्या कुळातले चुंबकी पदार्थ एकत्र करून संमिश्रे अभ्यासली गेली. चुंबकक्षेत्रात फेराइटचा आकार किंचित बदलतो, तो ताण शेजारच्या फेरोइलेक्ट्रिक कणावर पडतो आणि तिथे वीज उमटते. फेरोइलेक्ट्रिक आणि चुंबकी हे दोन्ही गुण एकाच स्फटिकात का शोधू नयेत? असे स्फटिक मोजकेच आहेत. त्यांतल्या बिस्मथ फेराइटचे चुंबकत्व फार क्षीण. दुसरा आक्षेप वजनदार आहे: कण नॅनोमीटरपर्यंत बारीक केले की फेरोइलेक्ट्रिक गुण मावळू लागतो. पण 2004 साली लेड टायटॅनेटच्या 1.2 नॅनोमीटर जाडीच्या थरातही तो टिकलेला दिसला. संमिश्रांचा खरा दोष वेगळाच, फेराइटमधून गळणारी वीज. कणांची मांडणी सुधारली तर ती रोखता येते. म्हणून मला हीच वाट योग्य वाटते.