ड्रॅक्युलाच्या नातवाचे सुळे

‘हॉटेल ट्रान्सिल्व्हेनिया’ हा अ‍ॅनिमेशनपट २०१२मध्ये आला तेव्हा मुलांबरोबर मोठेही हसले होते. माणसांना घाबरून भुतांनीच हॉटेलात लपून राहायचे, ही कल्पना मजेदार होती. २०१५मध्ये दुसरा भाग आला. दिग्दर्शक तेच, गेंडी टार्टाकोव्स्की. ड्रॅक्युलाचा आवाजही तोच, अ‍ॅडम सँडलरचा. विनोद मात्र पातळ झाला. मोबाइल वापरता न येणारे आजोबा, पडणे-आपटणे, मग नाचगाणे. घरी मुलासोबत बसून पाहताना अर्ध्या तासात मोठ्यांचा हात फोनकडे जातो.

तरीही या फसलेल्या सिनेमाची गोष्ट बालरोग विभागाच्या ओपीडीत रोज ऐकू येते. ड्रॅक्युलाच्या मुलीने माणसाशी लग्न केले आहे. त्यांचा मुलगा डेनिस पाच वर्षांचा होत आला, पण त्याला रक्तपिपासूंचे सुळे काही येत नाहीत. आजोबांचा जीव खालीवर. ‘येतील, उशिरा येतील’ असे ते सगळ्यांना सांगतात आणि स्वतः मात्र नातवाला एका उंच मनोऱ्यावरून खाली फेकून देतात, पडता पडता उडायला शिकेल म्हणून. तो शिकत नाही. शेवटच्या क्षणी आजोबाच त्याला झेलतात. पुढे पणजोबा येतात, त्यांचा उपाय आणखी जालीम: मुलाला इतके घाबरवायचे, की सुळे बाहेर यावेत.

माणसांच्या मुलांपुरते बोलायचे, तर दुधाचे सुळे साधारण १६ ते २२ महिन्यांत येतात आणि तीन वर्षांच्या आसपास वीसही दात पूर्ण होतात. पक्के सुळे नवव्या ते बाराव्या वर्षी. म्हणजे पाचव्या वाढदिवसाला सुळ्यांची वाट पाहणारे हे एकच घराणे! पहिला दात सहाव्या महिन्याच्या सुमारास येतो. वर्षाचा वाढदिवस बिनदातांनी साजरा करणारी बाळेही असतात आणि बहुतेकदा आई किंवा वडिलांचे दातही उशिराच आलेले असतात. तेरा-चौदा महिन्यांनंतरही एकही दात दिसला नाही, तर मात्र दाखवावे. क्वचित त्यामागे थायरॉइडची कमतरता किंवा मुडदूस निघतो.

चालण्याचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांची नोंद ठेवली, तेव्हा आधाराशिवाय चालण्याचे वय आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेले आढळले. शेजारचे बाळ दहाव्या महिन्यात धावते म्हणून आपले मागे पडले, असे होत नाही. पण घरातल्या ड्रॅक्युलांना धीर नसतो. बाळाला चाकांच्या वॉकरमध्ये बसवले जाते. त्याने चालणे लवकर येत नाही, उलट थोडे लांबू शकते; शिवाय जिन्यावरून गडगडण्याचा धोका असतो तो वेगळाच. कॅनडाने २००४मध्ये असे वॉकर विकायलाच बंदी घातली. (आपला जुना लाकडी पांगुळगाडा निराळा, तो उभ्याने ढकलायचा असतो. त्यालाही मोठ्यांची नजर हवीच.) बोलत नाही म्हणून जिभेला वेखंड चोळणे, भीती घालणे, चारचौघांत ‘बोल ना, मुका आहेस का’ म्हणणे, हे सगळे त्या मनोऱ्याचेच प्रकार.

सिनेमाची खरी निराशा शेवटात आहे. सुळे आले नाहीत तरी नातू आपलाच, हे आजोबांना कळते. इथेच थांबले असते तर चित्रपट लक्षात राहिला असता. पण मैत्रिणीवर संकट येताच डेनिसला चुटकीसरशी सुळे फुटतात, तो उडू लागतो आणि घराणे खूश होते. एका घरात आजोबांशेजारी बसून हे पाहणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाने विचारले, “आणि आलेच नसते तर?” हा मुलगा स्वतः उशिरा बोलू लागलेला. प्रत्येक लग्नकार्यात त्याच्यासमोरच त्याच्या बोलण्याची चौकशी झाली होती. आजोबांनी सांगितले, “तरी केक त्याचाच असता.” मुलाचे बहुधा समाधान झाले.

सिनेमात वाट पाहिली की सुळे येतात, आयुष्यात नेहमी येत नाहीत. ‘त्याचे बाबाही उशिराच बोलले’ या वाक्याने कितीतरी मुलांची दोन-दोन वर्षे गेलेली असतात. सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’, ‘पाणी दे’ अशी दोन शब्दांची जोडणी नाही, किंवा येत असलेले शब्द कोणत्याही वयात नाहीसे झाले, तर थांबू नये. अठरा महिने झाले तरी बाळ चालत नसेल तेव्हाही नाही.

बोलणे उशिरा असेल तर आधी कान तपासायचे. टाळी वाजवल्यावर वळून पाहते म्हणून ऐकू येते, हा समज फसवा आहे. कमी ऐकू येणारी मुले हातवारे, सावली, चेहरे पाहूनही वळतात. झोपलेल्या बाळाचीही श्रवणचाचणी करता येते. दोष लवकर सापडला तर श्रवणयंत्र आणि वाचा-उपचार यांचा फायदा मोठा असतो, कारण मेंदू भाषा उचलतो ती मुख्यतः पहिल्या काही वर्षांत.

२०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा तपासणी करण्याची तरतूद आहे. विकासातला विलंब हा त्यातला ठरलेला भाग. पुढच्या तपासणीसाठी मुलाला जिल्हा स्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. जाताना मुलाचा घरात खेळतानाचा, बोलतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर जरूर न्यावा. डॉक्टरांसमोर बरीच मुले तोंडच उघडत नाहीत.