मयूर विहारची गॅलरी आणि साहेबाची खिडकी

गैरसमज : दिल्लीच्या मयूर विहारला कसला आलाय इतिहास!

वस्तुस्थिती : इथली घरं बहुतेक 1980 नंतरची, हे खरं. जमीन मात्र चिल्ला सरोदासारख्या यमुनाकाठच्या जुन्या गावांची. शेजारच्या पटपडगंजला 11 सप्टेंबर 1803 रोजी जनरल लेकने दौलतराव शिंद्यांची फौज हरवली आणि दिल्ली ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेली. साहेबाला दिल्लीत घर थाटता आलं ते या लढाईमुळे. निदान मराठी माणसाने तरी इथे इतिहास नाही असं म्हणू नये.

गैरसमज : साहेबाचा बंगला विलायतेहून आला.

वस्तुस्थिती : उलट तो इथून तिकडे गेला. उतरत्या छपराचं, ओसरीचं एकमजली घर बंगालचं. कंपनीच्या गोऱ्यांनी ते उचललं, ऐसपैस केलं. इंग्लंडमधले पहिले बंगले केंटच्या किनाऱ्यावर 1870 च्या आसपास उभे राहिले, तेही श्रीमंतांच्या सुट्टीसाठी.

गैरसमज : मयूर विहारची सगळी घरं सरकारने बांधली.

वस्तुस्थिती : दिल्लीत घरं बांधणारी सरकारी संस्था डीडीए (दिल्ली विकास प्राधिकरण) 1957 ची, तिच्याआधी इंग्रजांनी 1937 मध्ये काढलेला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट होता. ‘पॉकेट’ नावाचे घरांचे गट डीडीएने बांधले. सोसायट्यांची गोष्ट वेगळी : जमीन डीडीएची, पैसा सभासदांचा, आणि सर्वसाधारण सभेतली भांडणंही त्यांचीच. एमआयजी, एलआयजी ही इथल्या फ्लॅटची नावं मुळात मध्यम आणि अल्प उत्पन्नगटांची. आजच्या किमतीत त्या गटातल्या माणसाला तिथे घर परवडेल का, हे विचारू नये.

गैरसमज : गॅलरी बंद करून खोली काढणं ही खास आपली खोड.

वस्तुस्थिती : साहेबही यात मागे नव्हता. इंग्लंडमध्ये 1696 साली खिडक्यांवर कर बसला. जितक्या खिडक्या जास्त, तितका कर जास्त. लोकांनी सरळ विटा लावून खिडक्या बुजवल्या. घरात अंधार, कोंदट हवा, रोगराई. डॉक्टर ओरडत राहिले, तरी कर उठायला 1851 उजाडलं. आता तिथे प्रत्येक बुजलेली खिडकी कौतुकाने त्या कराच्या खात्यावर मांडतात, तेही चूक. कित्येक खिडक्या दर्शनी भिंत दोन्हीकडून सारखी दिसावी म्हणून बांधतानाच खोट्या ठेवल्या होत्या. म्हणजे साहेबाने उजेड घालवला तो कर चुकवायला किंवा शोभेसाठी. आपण गॅलरी घालवतो ती वाढत्या मुलांच्या अभ्यासासाठी किंवा गावाहून आलेल्या आईच्या पलंगासाठी. माझ्या मते आपलं कारण जास्त सभ्य आहे.

तरीही गॅलरीला हात लावण्याआधी नियम वाचा, खालच्या-वरच्या शेजाऱ्यांना विचारा, आणि मिस्त्रीला त्यानंतरच बोलवा.