पाणी नको गं, प्रवास आहे!

सहलीहून परतून आता पंधरा दिवस झाले. मळलेले कपडे धुऊन झाले, बॅगा माळ्यावर गेल्या, डब्यातला उरलेला चिवडाही संपला. काल दुपारी जरा निवांत मोबाइलवरचे फोटो बघत बसले होते. गणपतीपुळ्याच्या एका फोटोत आम्ही सगळे कोकम सरबताचे ग्लास घेऊन उभे आहोत. सगळ्यांचे ग्लास अर्धेमुर्धे रिकामे. सासूबाईंचा मात्र काठोकाठ भरलेला!

मिरजेहून आम्ही लहानथोर तेराजण निघालो होतो. सगळ्यात मोठ्या सासूबाई, वय ७४. सगळ्यात धाकटा पुतण्या, वय चार. आईंनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता, म्हणून दिरांनी हा बेत आखला. गाडीत गाण्याच्या भेंड्या, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, आंबा घाटातलं गार वारं... मजा आली, खोटं कशाला सांगू? गणपतीपुळ्याला डोंगरालाच देव मानतात, त्यामुळे प्रदक्षिणा सबंध डोंगराला घालावी लागते. आईंनी नातीचा हात धरून तीही पूर्ण केली. मग समुद्रापुढं कितीतरी वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढं पाणी असतंय व्हय गं!"

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मात्र आईंच्या अंगातलं त्राणच गेलं. ताप असा नव्हता, पण अंथरुणात पडल्या पडल्या विचारायला लागल्या, "घाट उतरला का गं?" आमच्या पोटात गोळा आला. डॉक्टरीणबाईंनी तपासणी करून घेतली, तर लघवीचा जंतुसंसर्ग. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आजी, प्रवासात पाणी किती प्यायलात?" आई भिंतीकडं बघत राहिल्या.

मग एकेक कळत गेलं. दोन दिवस त्या घोटघोटच पाणी प्यायल्या होत्या. सरबत गुपचूप नातवाला देऊन टाकलेलं. एवढंच नाही, तर रक्तदाबाची गोळीही घेतली नव्हती. का? "ती घेतली की सारखं जावं लागतंय. पोरांनी गाडी किती वेळा थांबवायची?"

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की बायकांचा मूत्रमार्ग आखूड असतो, त्यामुळे जंतू लवकर आत पोचतात. पाणी कमी प्यायलं आणि लघवी तासन्‌तास दाबून धरली की त्यांचं फावतं. वय झालेल्या माणसाला अशा वेळी ताप येईलच असं नाही. कधी नुसता थकवा येतो, कधी माणूस बरळायला लागतो.

औषधानं आई आठवड्यात सावरल्या. पण माझ्या मनाला बोचणी लागली. त्यांना नावं ठेवायचा मला काय अधिकार? निघताना मीसुद्धा चहा टाळलाच होता. आणि लेकीला बजावलं होतं, "पाणी कमी पी गं, प्रवास आहे." माझ्या आईनं मला हेच सांगितलं होतं. दागिने द्यावेत तशी ही तहान आम्ही पिढ्यान्‌पिढ्या लेकीसुनांना देत आलोय.

परतताना साखरप्याच्या अलीकडं गाडी थांबली, तेव्हा पुरुषमंडळी खुशाल झाडामागं जाऊन आली. आम्ही बायका आपल्या जागेवर गप्प. गाडी सुटली आणि माझी चौदा वर्षांची लेक मोठ्यानं म्हणाली, "काका, एखादं हॉटेल बघून थांबवा, मला बाथरूमला जायचंय." मी डोळे वटारले. गाडी थांबली. आणि मैत्रिणींनो, ती उतरल्यावर तिच्यामागोमाग आम्ही पाचही जणी उतरलो! सगळ्यांत आधी आई.

स्वच्छतागृहं कमी आहेत, आहेत ती घाण असतात, हे खरंच आहे. मुंबईत २०११ पासून बायकांनी 'राइट टू पी' ही मोहीम त्यासाठीच चालवली. तशी मागणी आपल्या गावातही व्हायला हवी. पण निदान आपल्या घरच्या गाडीत तरी संकोच कशाला? पुढच्या वेळी दर दोन तासांनी गाडी थांबवायची, हे निघायच्या आधीच ठरवणार आहोत, म्हणजे कुणा बाईला तोंड उघडावं लागणार नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी कमोड आहे का, हे खोलीचं भाडं विचारतानाच विचारायचं. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी चुकवायची नाही.

आता आईंच्या उशाशी तांब्या असतो. किती पाणी प्यायल्या, याचा हिशेब नात ठेवते. परवा दिरांनी पुढच्या सहलीचा विषय काढला, तर आई म्हणाल्या, "येते की! पण हिला ड्रायव्हरशेजारी बसवा. गाडी कुठं थांबवायची, ते ती सांगंल."