बाळाच्या बोटात भुलीचे इंजेक्शन : भीती कशाची, काळजी कशाची?

समजा, भिवंडीजवळच्या शेलारमध्ये एका यंत्रमाग कामगाराच्या घरी बाळ जन्मले आणि त्याच्या करंगळीला लागून एक छोटे जादा बोट आहे. आजी म्हणते, दोरा बांधा, आपोआप गळून पडेल. डॉक्टर म्हणतात, छोटीशी शस्त्रक्रिया करून काढू. एवढ्यात ओळखीचा कंपाउंडर सांगतो, ‘‘बोटात अ‍ॅड्रेनॅलिनवाले इंजेक्शन घेऊ नका, बोट काळे पडते.’’ आई-बाप घाबरतात.

कंपाउंडरने हे मनाने रचलेले नाही. बोटे, नाक, कान अशा टोकाच्या अवयवांत अ‍ॅड्रेनॅलिन नको, हा नियम डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांनी पाठ केला. अ‍ॅड्रेनॅलिन रक्तवाहिन्या आकुंचित करते. त्यामुळे रक्तस्राव कमी होतो आणि भूल जास्त वेळ टिकते. पण रक्त अडले तर बोट मरेल, अशी भीती होती.

ही भीती आली कुठून? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बधिरीकरणासाठी प्रोकेन वापरत. साठवणीत हे औषध आम्लधर्मी होत जाई आणि असे जुने औषध ऊतींना इजा करी. २००१ मध्ये १८८० पासूनच्या नोंदी तपासल्या, तेव्हा भुलीच्या इंजेक्शननंतर बोट मृत झाल्याच्या ४८ घटना सापडल्या. त्यांतल्या जेमतेम २१ मध्ये अ‍ॅड्रेनॅलिन होते. आज सर्रास वापरले जाणारे लिग्नोकेन आणि अ‍ॅड्रेनॅलिन यांचे तयार मिश्रण त्यांपैकी एकातही नव्हते. पुढे २००५ मध्ये कॅनडातील शल्यचिकित्सकांनी हात व बोटांच्या ३,११० शस्त्रक्रियांचा अनुभव मांडला. एकही बोट गमवावे लागले नाही.

तान्ह्या बाळांविषयीचा पुरावा मात्र याहून बराच थोडा आहे. शिवाय बाळ म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. त्याचे यकृत अपरिपक्व असते, औषध रक्तात जास्त काळ मोकळे राहते. म्हणून बाळाच्या बाबतीत खरी काळजी अ‍ॅड्रेनॅलिनपेक्षा लिग्नोकेनच्या मात्रेची असते.

अ‍ॅड्रेनॅलिनसह लिग्नोकेनची कमाल मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ७ मिलिग्रॅम धरतात. सहा महिन्यांखालील बाळात ती आणखी कमी ठेवतात. पाच किलोच्या बाळाला ३५ मिलिग्रॅम ही सर्वांत वरची रेषा झाली. दोन टक्के औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम असतात, म्हणजे पावणेदोन मिलिलिटरमध्येच ही रेषा गाठली जाते. एक टक्क्याचे औषध असेल तर साडेतीन मिलिलिटर चालते. बाटलीवरचा आकडा वाचायचा राहिला, तर मात्रा दुप्पट होते. जास्त औषधाने झटके येऊ शकतात, हृदयाची लय बिघडू शकते. अ‍ॅड्रेनॅलिनचेही तसेच. मिश्रणात ते दोन लाखांत एक भाग इतके विरळ असते. तातडीच्या वेळी वापरतात ती हजारात एक भागाची कुपी त्याच्या दोनशे पट तीव्र असते, तिची गल्लत होता कामा नये.

शस्त्रक्रियेनंतर बोट काही तास पांढुरके दिसते, ते अपेक्षितच असते. रंग परतलाच नाही, तर फेंटोलॅमिन नावाचा उतारा उपलब्ध आहे. आधीच चेंगरलेल्या किंवा रक्तपुरवठा कमी असलेल्या बोटात मात्र डॉक्टर अ‍ॅड्रेनॅलिन टाळतात.

घरी आल्यावर पट्टीकडे लक्ष हवे. पट्टी घट्ट झाली, हे बाळ सांगू शकत नाही. बोटाचे टोक निळसर किंवा काळपट दिसले, सूज वाढली किंवा बाळ सतत रडू लागले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आणि दोरा? तो घरी कधीच बांधू नये. त्याने जंतुसंसर्ग होतो, रक्तस्राव होतो, दुखरी गाठ राहू शकते. जादा बोटात हाड असेल तर ते आतच राहते. त्यापेक्षा बाळाला सरकारी रुग्णालयात किंवा अंगणवाडीत येणाऱ्या तपासणी पथकाला दाखवावे. शस्त्रक्रिया ठरली, की एकच प्रश्न आवर्जून विचारावा : ‘‘डॉक्टर, बाळाचे आजचे वजन करून औषध ठरवले ना?’’