तपासनिसाचा पगार आणि घोड्याचा जीव

घरात एखादा खर्च व्हायला नको असेल तर आपण दर वेळी भांडत बसत नाही. पैसेच काढून देत नाही, मग काम आपोआप अडतं. अमेरिकेच्या संसदेनं घोड्यांची कत्तल अशीच अडवली.

तिथं घोडा सहसा कुणी खात नाही. तरी टेक्सासमध्ये दोन आणि इलिनॉयमध्ये एक, असे तीन कत्तलखाने चालू होते. मांस जायचं युरोपला आणि जपानला. टेक्सासमधल्या कॉफमन गावचे लोक घाण वासानं आणि गटारात उतरणाऱ्या रक्तानं वैतागले होते. गावच्या नगराध्यक्ष पॉला बेकन या बाईंनी कारखान्याला उघड विरोध केला.

आता खरी मेख बघा. कापण्याआधी सरकारी तपासनिसानं जनावर जिवंत असताना पाहिलं पाहिजे, मांसावर शिक्का बसला पाहिजे, असा तिथला कायदा. शिक्का नाही तर विक्री नाही. आणि तपासनिसाचा पगार सरकारी तिजोरीतून. म्हणून २००५ साली शेतीखात्याच्या बजेटात एक ओळ घातली गेली: घोड्यांच्या तपासणीवर हा पैसा खर्चायचा नाही.

कारखानदार म्हणाले, तपासणीचा खर्च आम्ही देतो. खात्यानं २००६ मध्ये तशी सोयही करून दिली! ज्याचा माल तपासायचा, त्याच्याच खिशातून पैसा. असो. २००७ मध्ये न्यायालयानं ती सोय मोडीत काढली. त्याच वर्षी टेक्सास आणि इलिनॉय या राज्यांचे स्वतःचे बंदीचे कायदेही कोर्टात टिकले आणि तिन्ही कत्तलखाने बंद झाले.

मग घोडे वाचले का? नाही हो. ते ट्रकमध्ये भरून मेक्सिको आणि कॅनडाला जाऊ लागले. एकट्या २०१० मध्ये सुमारे १ लाख ३८ हजार घोडे असे गेले. देशात कापले जायचे जवळपास तितकेच, फक्त प्रवास लांबला. त्यात मंदी आलेली, चारा परवडेना, काहींनी घोडे मोकळेच सोडून दिले. थकलेलं जनावर कुणी पोसायचं, हा प्रश्न आपल्यालाही नवा नाही. माझ्या मते ओळ घातली ते बरंच केलं, पण सीमेचं दार उघडं ठेवून.

२०११ मध्ये ती ओळ बजेटातून निघाली. लगेच न्यू मेक्सिकोत रोझवेलला नवा कत्तलखाना काढायची तयारी सुरू झाली. जानेवारी २०१४ मध्ये ओळ परत आली, म्हणून तो बेत फसला. कत्तल आणि परदेशी पाठवणी दोन्ही कायमची थांबवणारं विधेयक संसदेत पुन्हा पुन्हा येतं, पण अडकून पडतं. बजेट तर एका वर्षापुरतंच. त्यामुळं नवं बजेट आलं की ती ओळ राहिली की गळली, हे तिथल्या घोडेप्रेमींना दर वर्षी बघत बसावं लागतं.