रविवार मुलीचा राहू द्या

मैत्रिणींनो, मिशन हायस्कुलातली आपली मुलगी दहावीत गेली, की रविवारही क्लासवाले पळवतात. सकाळी उपासना, तिथूनच गणिताचा क्लास, संध्याकाळी सराव परीक्षा. पोर जेवताना पेंगते, तरी आपलं चालूच, "एकच वर्ष गं!"

लक्ष्मीबाई टिळक शाळेत शिकल्या नव्हत्या. त्यांना लिहावाचायला आलं ते लग्नानंतर, घरीच. रेव्हरंड टिळक १९१९ साली गेले तेव्हा 'ख्रिस्तायन' अपुरं होतं. ते पुरं केलं बाईंनी. (सराव परीक्षा न देता, बरं का!)

तेव्हा रविवार दुपारचा क्लास बंद करा. मुलीला झोपू द्या. उठल्यावर तिला आवडेल तो धडा तिनं मोठ्यानं वाचावा, आपण भाजी निवडत ऐकावं. प्रश्न विचारू नका. सुरुवातीला ती घड्याळाकडे बघेल, बघू द्या.