तमिळ ‘दीवार’ आणि जेजुरीकडचा शिवाजीराव

१९८१ साली ‘ती’ हा तमिळ सिनेमा आला. तमिळमध्ये ती म्हणजे आग. गोदीत राबणारा एक हमाल तस्करीत शिरतो, त्याचा धाकटा भाऊ पोलिसात जातो आणि दोघांच्या मध्ये आई सापडते. ओळखीचं वाटतंय ना? वाटणारच, हा तर ‘दीवार’! सलीम-जावेदनं लिहिलेला, यश चोप्रांचा, १९७५ चा. निर्माते के. बालाजी आणि दिग्दर्शक आर. कृष्णमूर्ती यांनी तो तमिळमध्ये नव्यानं उभा केला. अमिताभच्या जागी होता रजनीकांत.

इथं जरा थांबा. रजनीकांत म्हणजे शिवाजीराव गायकवाड. घराणं जेजुरीजवळच्या मावडी कडेपठारचं, जन्म १९५० साली बंगळुरूत. घरात मराठी, शाळेत कन्नड, वडील पोलीस शिपाई. पोरगा बसचा कंडक्टर झाला आणि तिथून मद्रासला सिनेमा शिकायला गेला. के. बालचंदर यांनी त्याला पहिली भूमिका दिली, तमिळ शिकायला लावलं. तो पहिला सिनेमा, ‘अपूर्व रागंगळ’, कधी आला माहीत आहे? १९७५ मध्ये, ‘दीवार’च्याच वर्षी! त्यानंतर सहा वर्षांत हा मराठी पोलिसाचा पोरगा तमिळ पडद्यावर पोलीस भावाशी झुंजणारा तस्कर झाला होता.

आणि तो तस्कर तरी कोण? ‘दीवार’मधल्या विजयवर हाजी मस्तानची छाया आहे, असं मुंबईत सर्रास मानलं जातं. मस्तानही गोदीत हमाल होता. पण मूळचा कुठला? रामनाथपुरमजवळच्या पनैकुळमचा, म्हणजे तमिळ मुलखातलाच. तमिळ पोरगा मुंबईला आला, त्याच्या आयुष्यातलं काहीबाही हिंदी सिनेमात उतरलं, ते परत तमिळमध्ये गेलं आणि तिथं त्याला चेहरा मिळाला तो मराठी माणसाचा! कुणी ठरवून तरी एवढा वळसा घेतला असता का?

रिमेक म्हणजे डबिंग नव्हे. डबिंगमध्ये चित्र तेच राहतं, फक्त आवाज बदलतो. रिमेकमध्ये घेतात ती नुसती कथा: प्रसंगांची जुळणी, भावाभावांतला पेच, आईची घालमेल. बाकी सगळं पुन्हा. आर. डी. बर्मन गेले, एम. एस. विश्वनाथन आले. शशी कपूरच्या जागी सुमन, निरुपा रॉयच्या जागी सौकार जानकी. आता गंमत बघा. सुमनची मातृभाषा तुळू, जानकींचा जन्म आंध्रात राजमहेंद्रीचा. घर तमिळ, पण थोरला मराठी, धाकटा तुळू आणि आई आंध्रातली! तरी ते एकाच रक्ताचे वाटतात. मला यात नटांइतकीच मूळ लेखनाची ताकद दिसते. पेच इतका घट्ट विणलेला की कुठल्याही भाषेत नेला तरी उसवत नाही. सलीम-जावेदनंही तो ‘मदर इंडिया’ आणि ‘गंगा जमना’पासून पुढे आणला होता.

गोंडपिपरीच्या माणसाला हे नवं वाटू नये. आपल्या तालुक्याच्या कडेची वर्धा ओलांडली की पलीकडे तेलंगणा. हीच वर्धा पुढे वैनगंगेला मिळते आणि तेच पाणी प्राणहिता म्हणून वाहू लागतं. ‘दीवार’चंही तसंच झालं. नदीपल्याडच्या तेलुगूत तो तमिळच्याही आधी, १९७६ मध्येच, एन. टी. रामारावांचा ‘मगाडु’ झाला होता. १९७९ मध्ये तर चक्क हाँगकाँगमध्ये ‘द ब्रदर्स’ झाला!

‘ती’च्या आदल्या वर्षी बालाजी, कृष्णमूर्ती आणि रजनीकांत या त्रिकुटानं ‘डॉन’चा ‘बिल्ला’ केला होता. २००७ मध्ये अजितला घेऊन तो ‘बिल्ला’ पुन्हा आला, म्हणजे रिमेकचाही रिमेक.

पण माझं सगळ्यात आवडतं वळण २०१८ मधलं. पा. रंजित यांच्या ‘काला’मध्ये रजनीकांत धारावीतल्या तमिळ वस्तीचा म्होरक्या झाला. ती जमीन गिळू पाहणारा मराठी पुढारी हरिदादा कुणी रंगवला? मुरूडच्या नाना पाटेकरांनी. सिनेमा तमिळ, वस्ती मुंबईची आणि आमनेसामने उभे ठाकलेले दोघंही मराठी!